पांढरं हेल्मेट

टीव्हीवर इंग्रजी सिनेमा लागला की आई स्वयंपाकघरातून एकच प्रश्न विचारायची, "मेला का आपला?" तिला इंग्रजी फारसं कळत नव्हतं आणि तव्यावरची पोळी सोडून बाहेर येण्याइतकी सवडही नसायची. पण सिनेमात आपल्या रंगाचा माणूस आला की तो एक तर टॅक्सी चालवायला आलाय नाही तर मरायला, एवढं तिला पक्कं ठाऊक झालं होतं. बाबा, मी आणि धाकटी चिनू गालिच्यावर मांडी घालून त्याची वाट बघत असायचो. "आला!" बाबा ओरडायचे. आपला म्हणजे भारतीयच, असं काही नव्हतं. काळा, सावळा, गव्हाळ, कुठल्याही गरीब देशातून उचलून आणलेला वाटेल असा कोणीही आपलाच. तो दार उघडायचा, ट्रे ठेवायचा, कधी बॉम्ब ठेवायचा. अगदीच भला असला तर नायकाची गोळी स्वतःच्या छातीवर घ्यायचा आणि नायक त्याचे डोळे मिटवून उरलेला सिनेमा पूर्ण करायला निघून जायचा. "अर्धा तास टिकला," बाबा घड्याळ बघून जाहीर करायचे. आतून लाटणं थांबायचं. "बिचारा. जेवला तरी होता का?" आई म्हणायची आणि आम्ही सगळे हसायचो. मीसुद्धा. पंधरा वर्षांची होईपर्यंत मला तो खेळच वाटत होता.

अबुधाबीत इलेक्ट्रा स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं. दोन खोल्या, एक बंद बाल्कनी. खिडकीतला एसी रात्रंदिवस घरघरायचा, त्यामुळे आम्हा सगळ्यांनाच मोठ्याने बोलायची सवय लागली होती, सुट्टीत पुण्याला गेलो की मामी म्हणायची, "भांडताय का रे?" आई दह्याऐवजी लबनची, म्हणजे तिथल्या ताकाची, कढी करायची आणि ती पुण्याच्या कढीपेक्षा चांगली होते हे कोणाला कबूल करायची नाही. सकाळी उरलेल्या खुबूसला, तिथल्या रोटीला, शेंगदाण्याची चटणी आणि तूप लावून गुंडाळी केली की शाळेचा डबा तयार. चिनूचा जन्म तिथलाच. तिच्याशी मराठीत बोलावं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यावं, हा व्यवहार दोन्ही बाजूंनी न कुरकुरता चालू होता.

मी मराठी शिकले ती मात्र पत्रकांवरून. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात होते, युनियनचे होते, पथनाट्यांत काम करायचे. संप मोडला, नोकरी गेली, मग ते आखातात आले. येताना त्यांनी आईचे स्टीलचे डबे जुन्या पत्रकांत गुंडाळून आणले. कस्टमच्या माणसाने डबे उघडून आतलं मेतकूट हुंगलं; बाहेरच्या कागदाकडे त्याचं लक्ष गेलं नाही. बाबांनी तो कागद फेकला नाही. घरातल्या प्रत्येक ड्रॉवरच्या तळाशी तो अंथरला. मी मोजे काढायला जायचे आणि मोज्यांखालचं वाचत बसायचे. "कामगार बंधू-भगिनींनो!" अशी सुरुवात, दर वाक्याला उद्गारचिन्ह, आणि शेवटी नावं. नावं नेहमी असायची. मी एकदा कारण विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "नाव नसलेलं पत्रक म्हणजे मुतारीच्या भिंतीवरची शिवी. ज्याला म्हणायचंय त्याने खाली सही करावी." आणि लगेच दाराकडे बघून, "हे वाचायचं. इथे बोलायचं मात्र नाही. बाहेर तर नाहीच नाही." त्या देशात पत्रक वाटणाऱ्याचं काय होतं, हे मला सांगावं लागलं नव्हतं. सगळ्या मुलांना ते ठाऊक होतं. व्हिसा रद्द, सामान बांधा.

बाबा शहराबाहेर मुसफ्फाच्या एका फॅब्रिकेशन यार्डात सेफ्टी ऑफिसर होते. तिथे टाक्यांचे सांगाडे उभे राहायचे आणि माणसं चार मजले उंचीवर लोखंडावर काम करायची. यार्डात हेल्मेटचा रंग माणसाची ओळख सांगायचा: साहेब आणि ऑफिसर पांढरं, कामगार पिवळं. बाबांचं पांढरं होतं. इंग्रजी फलक कोणी वाचत नाही हे त्यांच्या पहिल्याच महिन्यात लक्षात आलं, तेव्हा पथनाट्याच्या जुन्या सवयीने त्यांनी हिंदीत एक घोषणा बांधली. सेफ्टी बेल्टचा हुक कसा अडकवायचा याची. बाबा म्हणायचे, "ऊपर बांधो!" कामगार म्हणायचे, "पक्का बांधो!" मग सगळे मिळून, "खींच के देखो!" हुक डोक्याच्या वर, न हलणाऱ्या पाइपला, आणि पाय टाकण्याआधी एकदा ओढून बघायचा. रोज सकाळी सहा वाजता तीनशे माणसं हे ओरडायची. पेशावरची, केरळची, चितगावची.

मग कंपनीने ठरवलं की सेफ्टीची फिल्म काढायची. दुबईहून कॉलिन नावाचा डायरेक्टर आला. त्याला यार्डातलं काही ठाऊक नव्हतं, म्हणून गोष्ट बाबांनीच लिहून दिली: एक सेफ्टी ऑफिसर, त्याचं न ऐकणारा एक कामगार, कामगाराचा मृत्यू, आणि मग ऑफिसर सगळ्यांना बेल्ट बांधायला शिकवतो. कॉलिनने बाबांना ऑफिसरचे संवाद वाचायला लावले. तीन आठवडे बाबा कामानंतर थांबून त्याच्या कॅमेऱ्यापुढे उभे राहिले, कुठून चालायचं, कुठे थांबायचं, हात कुठे ठेवायचा. घरी आले की पुन्हा तालीम. मी प्रॉम्प्टर, चिनू कामगार, माळ्यावर चढायची शिडी हा सांगाडा. आई आमटी ढवळत टीका करायची. "अहो, मेलेल्या माणसाकडे बघताना इतकं ताठ नका उभं राहू. लग्नात अक्षता टाकायला थांबल्यासारखे दिसता." तिने त्यांना एक पांढरा शर्ट आणला, पस्तीस दिरहॅमचा, म्हणजे तीनशेच्या वर रुपये, हे तिने तो इस्त्री करताना दोनदा सांगितलं. बाबांच्याच ऑफिसात अकाउंट्सला असलेले कदमकाका शुक्रवारी मटण खायला आले की नमस्कार करून म्हणायचे, "दत्तोपंत, आधी ऑटोग्राफ, मग रस्सा."

मला त्या दिवसांतले बाबा आठवतात. दाढी करताना आरशाकडे जरा तिरकं बघणारे. एकदा टीव्हीवर आपला माणूस मेला तेव्हा त्यांनी घड्याळ बघितलं नाही. "आपल्या फिल्ममध्ये," ते म्हणाले, "ऑफिसर शेवटपर्यंत आहे. शेवटचा शॉट त्याचाच आहे."

शूटिंग शुक्रवारी होतं, यार्ड बंद असतं म्हणून. आई डबा घेऊन आणि आम्हा दोघींना घेऊन गेली. कंटेनरच्या सावलीत बसून आम्ही बघत होतो. बाबा पांढऱ्या शर्टात आले. कॉलिनने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि एका उंच, सोनेरी केसांच्या माणसाची ओळख करून दिली. मार्टिन. एका हॉटेलच्या क्लबात तो पोहायला शिकवायचा. कॉलिन म्हणाला, "दत्ता, तालमीत तू अप्रतिम होतास. आता मार्टिनला सगळं दाखव. कुठे चालायचं ते तुला तोंडपाठ आहे." बाबांना कळायला थोडा वेळ लागला. ते म्हणाले, "पण सर, यार्डात सेफ्टी ऑफिसर मी आहे." कॉलिन हसला. वाईट माणूस नव्हता तो. म्हणूनच मला तो जास्त आठवतो. "अर्थात. पण पडद्यावर बघितल्याबरोबर हा साहेब आहे असं वाटायला हवं ना?" त्याने बाबांच्या डोक्यावरचं पांढरं हेल्मेट काढून मार्टिनच्या डोक्यावर ठेवलं. ते मार्टिनला घट्ट होत होतं. मग कोणीतरी बाबांना पिवळं हेल्मेट आणि कोपरावर फाटलेला डगला आणून दिला.

बाबा सात वेळा मेले. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या ढिगावर उंचावरून पडायचं, मग खाली वाळूत तोंड वेडंवाकडं करून पडून राहायचं आणि मार्टिनने शेजारी गुडघे टेकून मान हलवायची. चौथ्या वेळी बाबांच्या कोपरातून रक्त आलं. कॉलिन म्हणाला, छान दिसतंय, राहू दे. आई माझ्या शेजारी डब्याचं झाकण लावत होती, काढत होती, लावत होती.

त्यानंतर मार्टिनचा मोठा प्रसंग: मेलेल्या कामगाराशेजारी उभं राहून बाकीच्यांना हुक कसा बांधायचा ते दाखवायचं. त्याने संवाद म्हटला आणि हुक अडकवला गुडघ्याजवळच्या सुट्या कठड्याला. तो कठडा रोज संध्याकाळी उचलून ठेवायचे. कॅमेरा चालू होता. आणि वाळूत पडलेले बाबा उठून बसले. "सर, वर. हुक वर. हा पाइप हलतो."

"कट!" कॉलिन ओरडला. "दत्ता, तू मेला आहेस!"

"हो सर. पण हुक चुकलाय."

पुन्हा शॉट झाला. पुन्हा मार्टिनने हुक खालीच लावला, कारण वर लावला की हाताची सावली त्याच्या चेहऱ्यावर पडत होती. बाबा पुन्हा उठले. या वेळी कॉलिन हळू आवाजात बोलला, आणि ते जास्त वाईट होतं: "कोणाच्या लक्षात येणार नाही. प्लीज, मरून पडून राहा." बाबा आडवे झाले. जेवताना चिनूने त्यांच्या गळ्यात हात टाकला. "बाबा, यू डाइड सो वेल." बाबांनी खुबूसचा तुकडा मोडला. "खलास," ते म्हणाले. "आता हिंदी आवाज पण मलाच द्यायचाय. मार्टिनच्या तोंडी." आईने त्यांच्या कोपरावर पदर दाबला.

आता भाची मला फोनवर सांगते, "मावशी, आता तसं नाही राहिलं, आता आपले लोक हिरो असतात." ती नावं घेते, मी ऐकते. कुठे कुठे बदललं असेलही. मी अजून प्रत्येक सिनेमात तेच मोजते: कोणाला गोष्ट मिळाली आणि कोणाला नुसतं मरण. ही माझी विकृती असेल तर असो. ती त्या वाळूत सुरू झाली.

मी पत्रक लिहिलं. दुसरं काय लिहिणार होते? हिंदीत लिहिलं, कारण ते कामगारांसाठी होतं. "भाइयो! जिसको काम आता है वह मरा पड़ा है! जिसको नहीं आता उसके सिर पर सफ़ेद टोपी है! फ़िल्म का हुक ग़लत है! उस पर भरोसा मत करो!" अशा अकरा ओळी, अकरा उद्गारचिन्हं. शाळेजवळच्या टायपिंग सेंटरमधून चाळीस प्रती काढल्या. काउंटरवरच्या माणसाला हिंदी वाचता येत नव्हतं हे मी आधी पारखून घेतलं होतं. नाव टाकलं नाही. मला ती हुशारी वाटली.

फिल्म गुरुवारी दुपारी यार्डाच्या मेसमध्ये दाखवायची होती. पुढच्या खुर्च्या साहेबांना आणि कुटुंबांना, मागचे बाक कामगारांना. खिडक्यांना काळं प्लास्टिक चिकटवलं होतं. बाबांकडे मांडामांड होती म्हणून आम्ही लवकर पोचलो. सगळे प्रोजेक्टरपाशी असताना मी मागच्या बाकांवर एकेक घडी ठेवत गेले. शेवटचा कागद ठेवून वळले तर पाण्याच्या बाटल्या मांडत आलेले बाबा पहिल्याच बाकापाशी उभे होते. त्यांच्या हातात माझं पत्रक होतं. त्यांनी ते उभ्यानेच वाचलं. मग उलटून मागची बाजू बघितली.

"खाली नाव कुठंय?"

"नाहीये," मी म्हणाले. "म्हणजे कोणाला कळणार नाही कोणी लिहिलं ते."

"बरोबर. मग साहेब कोणाला विचारतील?" त्यांनी हनुवटीने बाकांकडे दाखवलं. "हे बाक कोणाचे?"

"कामगारांचे."

"त्यांचे पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात आहेत, वैशू. पहिलं विमान त्यांना मिळेल. गावी घर आहे, बहिणींची लग्नं आहेत. आपला नंबर फार नंतर. तू काय केलंस कळतंय का तुला?" आवाज अजिबात चढला नव्हता. बाहेर बसचे ब्रेक वाजले. "यल्ला, चल. उचल."

आम्ही उचलत सुटलो. आईला एका शब्दात समजलं. तिने रिकामा डबा उघडून पुढे धरला. चिनू बाकांखाली शिरली. पुढच्या दारातून मॅनेजर कॉलिनला घेऊन आत आला, हसून बाबांना हात केला, आणि बाबांनी हसून हात केला. मागच्या दारातून पहिले कामगार आत येत होते तेव्हा आईने झाकण लावलं. बसल्यावर तिने डब्यात बोटांनी चाचपून मोजलं. मग माझ्या कानाशी आली. "किती होते?"

"चाळीस."

"एकोणचाळीस आहेत."

मी पुढे वाकून बाबांना सांगितलं, एक कमी आहे. "बस," ते म्हणाले, मागे न बघता. दिवे गेले. अंधारात मला त्यांचा आवाज ऐकू आला, "कदम, पेन दे जरा." आणि कदमकाकांचा, "ऑटोग्राफ सुरू झाले वाटतं, दत्तोपंत?" बाबा मांडीवर काहीतरी लिहीत होते. हजेरीचा कागद असेल असं मला वाटलं. माझं लक्ष मागे होतं. तीनशे माणसांपैकी कोणाच्या हातात आहे तो? कोण वाचतोय? पडद्याच्या उजेडात कुठे कागद चमकतो का, हे बघत मी मान मोडून बसले होते.

फिल्म सुरू झाली. मार्टिन यार्डातून चालत आला, अगदी बाबांसारखा. कुठे थांबायचं, हात कुठे ठेवायचा, सगळं तेच. त्याने तोंड उघडलं आणि आतून बाबांचा आवाज आला, पिंपरीच्या हिंदीत. मागे खसखस पिकली. "अरे, ये तो दत्ताभाई बोल रहा है!" मग बाबा पडले. हशा थांबला. पडद्यावर बाबांचा चेहरा वाळूत वाकडा पडला होता, कोपर लाल. आईने तिचा तो नेहमीचा प्रश्न विचारला नाही. तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. त्यानंतर आमच्या घरी तो प्रश्न कोणीच कधी विचारला नाही.

मग हुक. बाबांचा आवाज म्हणाला, "ऊपर बांधो," आणि मार्टिनचे हात खाली गेले.

मग मागून कोणीतरी, अगदी सहज, सकाळी सहाच्या सवयीने म्हणालं, "ऊपर!" दुसरा म्हणाला, "अरे ऊपर बांध, मरेगा!" आणि मग ते आपोआपच झालं. अर्धे ओरडले, "पक्का बांधो!" आणि सगळी मेस, पत्रे हलवत, "खींच के देखो!"

दिवे लागले. लागल्याबरोबर सगळे गप्प. मॅनेजर उभा राहून बाकांकडे बघत होता. "कोण बोललं? हे काय चाललंय?" तीनशे माणसं समोर बघत होती आणि त्यांच्यात कुठेतरी तो एक कागद होता. मॅनेजरने एक पाऊल बाकांकडे टाकलं. तेव्हा बाबा उठले. पस्तीस दिरहॅमचा पांढरा शर्ट, हात खिशावर.

"माझ्यामुळे, सर. हे मी त्यांना शिकवलंय. फिल्ममधला हुक चुकीचा आहे. तसा बांधला तर माणूस पडेल."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं. दोनदा." बाबांनी कॉलिनकडे बघितलं नाही. "तेव्हा मी मेलो होतो."

मागे एक जण फुटला, हसला आणि त्याने ते हसू खोकल्यात बुडवलं. मॅनेजर कॉलिनकडे वळून म्हणाला, "तेवढं पुन्हा घ्या," आणि चहा मागवला.

पुन्हा घेतलं. मार्टिन सुट्टीवर मायदेशी गेला होता, म्हणून नुसत्या हातांचा जवळून शॉट घ्यायचं ठरलं. हुक वर, पक्क्या पाइपला, ओढून बघितलेला, हात बाबांचे. फक्त त्यांना हातमोजे घालायला दिले. मनगटापर्यंतचे, जाड, कातडी, रंग दिसू नये असे. पुढे ती फिल्म किती वर्षं दाखवत होते कोण जाणे. तिच्यात आवाज बाबांचा आहे, हात बाबांचे आहेत, मेलेला माणूस बाबा आहेत. साहेब मार्टिन आहे.

तो चाळिसावा कागद मला कितीतरी महिने झोपू देत नव्हता. जिन्यात बूट वाजले की मला वाटायचं, आले. एकदा धीर करून बाबांना विचारलं. "गेला असेल केराबरोबर," ते म्हणाले आणि पेपर उलटला. मी पुढे लिहिणारी झाले, बरंच भांडखोर लिहिलं, त्यातलं एकही अक्षर निनावी नाही. ते त्या दुपारचंच देणं आहे.

बाबा गेले त्याच्या दुसऱ्या महिन्यात आम्ही दोघी बहिणी पुण्याच्या घरातलं त्यांचं कपाट आवरायला बसलो. ड्रॉवरमध्ये कागद अंथरायची सवय त्यांनी इथेही सोडली नव्हती. मोज्यांखाली पिंपरीची पत्रकं, पिवळी, कडांना भुगा झालेली. त्यांच्या खाली एक घडी पडलेला झेरॉक्सचा कागद. "भाइयो!" मी ओळखला. पेन्सिलने दहा उद्गारचिन्हं खोडली होती; हुकाच्या ओळीतलं तेवढं ठेवलं होतं. आणि अगदी खाली, मी जागा मोकळी सोडली होती तिथे, पेनाने लिहिलेलं होतं. अक्षर अंधारात मांडीवर लिहिल्यासारखं, ओळ सोडून उतरत गेलेलं: दत्तात्रय शेवाळे, सेफ्टी ऑफिसर. पुढे स्टाफ नंबर.